एक कळ, दोन धनी

संगणक कक्षाच्या भिंतीवर शॉर्टकटचा एक तक्ता बहुधा असतोच. कंट्रोल + सी म्हणजे नक्कल, कंट्रोल + व्ही म्हणजे चिकटवणे, कंट्रोल + एस म्हणजे जतन करणे, कंट्रोल + झेड म्हणजे केलेले परत फिरवणे. मुले तो पाढ्यासारखा पाठ करतात, चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवतात, आणि मग एखाद्या दिवशी हा पाढा चुकतो. पाढा चुकत नसतो अशी आपली सर्वांची समजूत असल्यामुळे ती चूक मुलाच्या खात्यावर जमा होते. या लेखात मला त्या तक्त्यावर टीका करायची आहे. आणि त्याहून अधिक टीका करायची आहे ती संगणकातल्या कळा एकमेकांना न विचारता वाटून घेणाऱ्या आज्ञावलीकारांच्या पद्धतीवर.

आधी दोन शब्द स्पष्ट करू. प्रोग्रॅम ज्यात लिहायचा त्या आज्ञावलीला एडिटर म्हणतात. पडद्यावरच्या खिडक्या, खालची पट्टी, घड्याळ, पडद्याचे कुलूप हे सारे सांभाळणारी आज्ञावली म्हणजे डेस्कटॉप. दोघेही एकाच कळफलकावर अवलंबून असतात. भांडण तिथेच सुरू होते.

काही नमुने पाहू. पायथन शिकणारा अकरावीचा विद्यार्थी पायचार्म हा एडिटर वापरतो. त्यात विस्कटलेल्या ओळी नीट लावून घेण्यासाठी कंट्रोल + ऑल्ट + एल ही कळजोडी आहे. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर हीच कळजोडी पडद्याला कुलूप लावते. मुलगा ओळी नीट करायला जातो आणि संगणक त्याला पासवर्ड विचारतो. दुसरा नमुना विंडोजवरचा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये एकाच वेळी दोन ओळींवर लिहिता यावे म्हणून कंट्रोल + ऑल्ट + खालचा बाण दाबतात. इंटेलच्या जुन्या चित्र-आज्ञावलीत (ज्याला ड्रायव्हर म्हणतात) हीच कळजोडी पडदा उलटा करीत असे. जुने संगणक असलेल्या शाळांतल्या शिक्षकांना हा उलटा पडदा चांगला परिचयाचा असेल. त्याबद्दल खोडकर मुलांना ओरडाही बसला असेल. त्यातली काही मुले खोडकर नसतील, फक्त दुसऱ्या ओळीवर लिहू पाहत असतील, हे आपल्या मनात आले नसेल.

तिसरा नमुना अधिक गमतीचा. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत व्हिम एडिटर उघडून एखाद्याने सवयीने कंट्रोल + एस दाबले, तर अनेक टर्मिनलांत पडदा गोठतो. काहीही टाइप केले तरी दिसत नाही. संगणक बंद पडला असे समजून मूल थेट बटण बंद करते आणि तासाभराचे काम जाते. खरे तर कंट्रोल + क्यू दाबले असते तर सारे पूर्ववत झाले असते. पण क्यू तक्त्यात नसतो.

आणि चौथा नमुना सर्वांत साधा. पायथनबरोबर येणाऱ्या आयडल एडिटरमध्ये प्रोग्रॅम चालवायला एफ-५ दाबतात. बऱ्याच लॅपटॉपांत एफ-५ दाबले की पडद्याचा उजेड बदलतो नाहीतर आवाज. तिथे एफएन कळ बरोबर दाबावी लागते. म्हणजे इथे कळ डेस्कटॉपपर्यंतही पोहोचत नाही. लॅपटॉपच्या आतच तिचा अर्थ बदललेला असतो.

पाणी वरच अडते

हे समजावून सांगायला आमच्या परभणी जिल्ह्यात दूर जावे लागत नाही. पैठणच्या नाथसागरातून निघालेला डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. तो जालना जिल्ह्यातून पुढे परभणीकडे येतो. आवर्तन सुटले की मुखाकडच्या शेताला पाणी आधी मिळते आणि शेपटाकडचा शेतकरी वाट पाहत बसतो. पाणी आले नाही एवढेच त्याला समजते. ते कुठे अडले, कोणत्या चारीत वळले, हे त्याच्या बांधावर उभे राहून दिसत नाही.

कळेचा प्रवासही असाच वरून खाली होतो. आपण कळ दाबतो तेव्हा कळफलक अक्षर पाठवत नाही. कोणत्या जागेची कळ दाबली त्याचा क्रमांक पाठवतो. तो क्रमांक आधी कार्यप्रणालीच्या गाभ्यात येतो. तिथून तो खिडक्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे जातो. डेस्कटॉपने राखून ठेवलेल्या कळजोड्यांची यादी तिथे असते. कळजोडी त्या यादीत असेल तर प्रवास तिथेच संपतो. नसेल तर ती भाषा बदलणाऱ्या, म्हणजे मराठी-इंग्रजी लेखन सांभाळणाऱ्या आज्ञावलीपुढे येते. तिनेही सोडली तर एडिटरच्या खिडकीत शिरते. एडिटरच्या आत पुन्हा जोड-आज्ञावली बसलेल्या असतात, त्या आपापला हक्क सांगतात. या साऱ्यांतून उरली, तरच आपल्याला हवे ते काम होते.

कालव्याची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, तेही मुलांना सांगावे. पाणी थोडे वर, थोडे खाली असे वाटता येते. कळ वाटता येत नाही. ती एकाची पूर्ण होते आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही.

माझा पहिला आक्षेप या उतरंडीला नाही. कोणीतरी वर असणारच. आक्षेप आहे तो मुकेपणाला. लिनक्सच्या जुन्या एक्स व्यवस्थेत किंवा विंडोजमध्ये दोन आज्ञावलींनी एकच कळजोडी सर्व खिडक्यांसाठी राखून मागितली, तर दुसरीला स्पष्ट नकार मिळतो. हा नियम चांगला आहे. पण एडिटर कळ राखून मागतच नाही. ती आपल्यापर्यंत येईल असे गृहीत धरून तो मेनूत ऐटीत तिचे नाव छापतो. मेनू म्हणतो, कंट्रोल + ऑल्ट + एल दाबा. आपण दाबतो. ती त्याच्याकडे कधीच येत नाही, आणि आली नाही हे त्यालाही कळत नाही. व्हीएस कोडमध्ये एकाच कळजोडीवर किती आज्ञा बसल्या आहेत हे दाखवणारी उत्तम सोय आहे. पण ती स्वतःच्या घरातलीच भांडणे दाखवते. कुंपणापलीकडे कळ कोणी नेली हे तिला दिसत नाही.

या सगळ्यात बोलका अपवाद एकच आठवतो. विंडोजमध्ये शिफ्ट कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की एक चौकट येते आणि विचारते, कळा एकेक करून दाबण्याची सोय सुरू करू का? ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत अशा अपंग व्यक्तींसाठी ती सोय आहे. खेळ खेळणाऱ्यांना या चौकटीचा फार राग येतो. मला मात्र ती सभ्य वाटते. निदान ती विचारून पुढे जाते.

कंट्रोल कळ मुळात कोणाची?

हा गोंधळ कोणी एकाने मुद्दाम केलेला नाही. त्याला इतिहास आहे, आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी तो वर्गात सांगावा असा आहे. आस्की या संकेतपद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. मोठ्या लिपीतला सी ६७ वा, एस ८३ वा, क्यू ८१ वा. पूर्वीच्या दूरमुद्रकांवर कंट्रोल कळ धरून अक्षर दाबले की त्या क्रमांकातून ६४ वजा होऊन उरलेला क्रमांक तारेवर जाई. सी चा ३ होई, एस चा १९, क्यू चा १७. द्विमान पद्धतीत पाहिले तर ६४ चे स्थान शून्य करण्याइतके हे सोपे आहे. फळ्यावर दोन मिनिटांत दाखवता येते. १ ते २६ हे क्रमांक असे अक्षरांतून मिळतात, आणि त्यांना छापील चिन्ह नाही. ते यंत्राला दिलेले हुकूम आहेत. १९ म्हणजे थांब, १७ म्हणजे पुन्हा सुरू कर. छिद्रे पाडलेली कागदी पट्टी वाचणारे यंत्र या हुकमांनी थांबवीत आणि चालवीत.

दूरमुद्रके गेली, कागदी पट्ट्या गेल्या. टर्मिनलने मात्र तो १९ चा अर्थ जपून ठेवला आहे. म्हणून आजही कंट्रोल + एस ने पडदा गोठतो. तो बिघाड नव्हे, १९६० च्या दशकातला एक हुकूम अजून पाळला जात आहे एवढेच.

संगणकावर नक्कल, कापणे, चिकटवणे या कामांना झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची अक्षरे ॲपलने १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावर दिली. ते करताना त्यांनी एक शहाणपणा केला. या कामांसाठी कंट्रोल न वापरता वेगळी कळ ठेवली. त्यामुळे मॅकवर टर्मिनलमध्ये कंट्रोल + सी ने चालू प्रोग्रॅम थांबतो आणि कमांड + सी ने नक्कल होते; दोघे एकमेकांच्या पायात येत नाहीत. आयबीएमच्या पीसी-वंशातल्या कळफलकांवर अशी मोकळी कळ नव्हती. म्हणून विंडोजने तीच अक्षरे कंट्रोलवर बसवली आणि जुन्या हुकमांशी कायमचा तंटा ओढवून घेतला. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नव्या कळफलकावर खिडकीचे चिन्ह असलेली कळ आली. लिनक्समध्ये तिला सुपर म्हणतात. पण तोवर घरे बांधून झाली होती.

तरीही या कळेमुळे एक साधी वाटणी शक्य झाली. सुपर कळ डेस्कटॉपची, कंट्रोल एडिटरची, ऑल्ट मेनूची. ही वाटणी सर्वांनी पाळली असती तर वरचे निम्मे नमुने लिहावे लागले नसते. ग्नोम डेस्कटॉपने गेल्या काही वर्षांत बरेच व्यवहार सुपर कळेवर नेले, त्याचे कौतुक केले पाहिजे. पडद्याचे कुलूप तिथे आता सुपर + एल वर आहे. पण कंट्रोल + ऑल्ट + टी ने टर्मिनल उघडण्याची उबुंटूची सवय कायम आहे, आणि पायचार्ममध्ये तीच कळजोडी दुसऱ्या कामाला आहे.

एडिटरवाल्यांनी यावर काढलेला तोडगा मला अर्धवट वाटतो. जिथे डेस्कटॉपशी भांडण आहे तिथे त्यांनी लिनक्ससाठी वेगळ्या कळा दिल्या. परिणाम काय झाला पाहा. व्हीएस कोडमध्ये शिफ्ट + ऑल्ट + खालचा बाण दाबला तर विंडोजवर चालू ओळीची नक्कल खाली येते. लिनक्सवर तीच कळजोडी खालच्या ओळीवर दुसरा कर्सर उभा करते. एडिटर तोच, आवृत्ती तीच, कळा त्याच, काम वेगळे. ज्याच्या घरी विंडोज आणि शाळेत लिनक्स आहे, त्याने कोणता तक्ता पाठ करायचा? डेस्कटॉपशी तह झाला, पण त्याची किंमत शिकणाऱ्याच्या बोटांनी मोजली.

मराठी लिहिणाऱ्याची जादा पट्टी

आतापर्यंतचे भांडण जगातल्या कोणालाही लागू आहे. आता आपल्याकडे येऊ. इंग्रजीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एका कळजोडीची कधी गरज पडत नाही: भाषा बदलण्याची. आपल्याला ती सर्वांत जास्त लागते.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट ही मांडणी पुढे आणली. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातही ती आहे. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने अशी तिची शास्त्रशुद्ध रचना आहे, आणि टंकलेखनासाठी ती उत्तम आहे यात मला शंका नाही. पण देवनागरीची वर्णसंख्या मोठी. तिला जागा देण्यासाठी विरामचिन्हांच्या कळाही द्याव्या लागल्या. अर्धविरामाच्या कळेवर च बसला, अवतरणचिन्हाच्या कळेवर ट आणि ठ, चौकटी कंसावर ड, महिरपी कंसावर ढ, बरोबरच्या चिन्हावर ृ. नेमकी ही चिन्हे प्रोग्रॅमची हाडे आहेत. त्यांच्याशिवाय एक ओळ उभी राहत नाही.

पायथनच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे २००८ पासून, चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी करू:

तालुके = ["परभणी", "गंगाखेड", "जिंतूर", "सेलू", "पाथरी", "मानवत", "पूर्णा", "सोनपेठ", "पालम"]

सुरुवातीला इंग्रजी मांडणी आहे असे धरा. ‘तालुके’ लिहायला मराठीत यावे लागते, बरोबरच्या चिन्हासाठी इंग्रजीत. प्रत्येक नावासाठी एकदा आत, एकदा बाहेर. नऊ नावांचे अठरा आणि चलाचे दोन, अशा वीस वेळा भाषा बदलावी लागली. एका ओळीत वीस! हुशार मुले यातून वाट काढतात. सगळी नावे एकाच अवतरणात मोकळी जागा सोडून लिहायची आणि पायथनच्या स्प्लिट या आज्ञेने तुकडे पाडायचे. मग बदल वीसवरून चारवर येतात. युक्ती छान आहे, वर्गात दाखवावी. पण कळफलकाच्या अडचणीमुळे प्रोग्रॅमची रचना बदलावी लागली, हेही त्याच वेळी दाखवावे.

आता ही वीस वेळा लागणारी कळजोडी कोणती, ते पाहा. लिनक्सवर भारतीय भाषांचे लेखन सांभाळणाऱ्या आयबस या आज्ञावलीत पूर्वी ती कंट्रोल + स्पेस होती. व्हीएस कोडसह अनेक एडिटरांत कंट्रोल + स्पेस म्हणजे ‘अर्धवट शब्द पूर्ण करून दे’. ईमॅक्समध्ये तर कितीतरी आधीपासून ती मजकुराचा तुकडा निवडायला सुरुवात करणारी कळजोडी आहे. विरोधाभास असा, की शब्द पूर्ण करण्याची सोय मराठी चलनावे वापरणाऱ्यालाच अधिक उपयोगाची. ‘ता’ एवढेच लिहून ‘तालुके’ मिळाले तर श्रम वाचतात. आणि तीच सोय भाषाबदलाखाली दबली. पुढे भाषाबदल सुपर + स्पेस वर गेला आणि हा एक तंटा मिटला. मॅकवर तो अजून आहे, कारण तिथे कंट्रोल + स्पेसने भाषा बदलते.

पण एक मिटला की दुसरा उभा राहतो. आयबसने काही काळ कंट्रोल + शिफ्ट + ई ही कळजोडी भावचिन्हे, म्हणजे इमोजी, लिहिण्यासाठी घेतली. व्हीएस कोडमध्ये तीच फायलींची यादी उघडते. फायली उघडण्याऐवजी अधोरेखित ई उमटू लागला आणि जगभरचे लोक चक्रावले. हसऱ्या चेहऱ्यासाठी प्रोग्रॅमरची कळ घ्यावी हा निर्णय मला आजही समजलेला नाही. याउलट कंट्रोल + शिफ्ट + यू बद्दल माझी तक्रार नाही. ती दाबून ०९२ई लिहून एंटर दिले की म उमटतो, कारण युनिकोडमध्ये म चा तो सोळामान क्रमांक आहे. संकेतांक शिकवायला याहून चांगले साधन नाही, आणि व्हीएस कोडने लिनक्सवर ही कळ शहाणपणाने सोडून दिली आहे.

विंडोजवर डावे ऑल्ट + शिफ्ट दाबून भाषा बदलते. व्हीएस कोडमध्ये ओळी नीट लावायला शिफ्ट + ऑल्ट + एफ आहे. दोन कळा दाबल्या, तिसरी शोधताना मन बदलले, बोटे उचलली, की भाषा बदलली. कोपऱ्यातल्या दोन-तीन अक्षरांखेरीज त्याची कुठे खूण नाही. २०१० मध्ये आलेल्या रुपयाच्या चिन्हाचीही अशीच कथा. विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत ते उजवे ऑल्ट + ४ ने उमटते. विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल + ऑल्ट मानू शकते. एडिटरच्या एखाद्या जोड-आज्ञावलीने कंट्रोल + ऑल्ट + ४ घेतले, की रुपया गेला.

आणि समजा मराठी मांडणी सुरू असताना कंट्रोल + सी दाबले तर? इन्स्क्रिप्टमध्ये सी च्या जागी म आहे. विंडोज कळेला तिच्या मूळ नावाने ओळखते, त्यामुळे नक्कल होते. लिनक्सवरचे बहुतेक आधुनिक एडिटर इंग्रजी मांडणीत डोकावून अर्थ लावतात. ईमॅक्स मात्र प्रामाणिकपणे सांगते की कंट्रोल + म अशी आज्ञा आपल्याला ठाऊक नाही. त्याने स्वतःची भाषाबदलाची कळ दिली आहे, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ. ती वापरली तर लेखन मराठीत होते पण आज्ञा इंग्रजीतच राहतात. या साऱ्यात मला पटलेला सर्वांत विचारी तोडगा हाच. व्हिममध्ये अवस्था बिकट आहे. फाइल जतन करून बाहेर पडण्यासाठी आधी अपूर्णविराम लिहावा लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळेवर छ आहे. लिहिणारा छ, छ करीत आतच अडकतो.

जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या एका मुलीने मला सांगितले, ‘सर, संगणकाला मराठी चालत नाही.’ तिने हा निष्कर्ष हवेतून काढला नव्हता. मराठी सुरू केले की आज्ञा बंद पडतात, इंग्रजी केले की चालू होतात, हे तिने चार वेळा पाहिले होते. निरीक्षण अचूक होते. फक्त मधली व्यवस्था तिला कोणी दाखवली नव्हती. तिने पुढे चलांची नावे ए, बी, सी ठेवली. पुढच्या आठवड्यात त्यातल्या बी चा अर्थ तिलाच आठवेना. शॉर्टकटच्या तंट्याची किंमत मी या पद्धतीने मोजतो.

एक प्रयोग

तक्ता फाडून टाका असे मी म्हणणार नाही. त्याच्या शेजारी कळेच्या प्रवासाचे चित्र लावा, आणि कळ कुठे अडली हे शोधण्याचा प्रयोग करून घ्या. विजेचा दिवा लागला नाही तर आपण तार, बटण, दिवा क्रमाने तपासतो, तसेच.

व्हीएस कोडमधल्या शॉर्टकटच्या पानावर दाबलेल्या कळा टिपून घेण्याचे एक बटण आहे. ते दाबून संशयित कळजोडी दाबायची. तिचे नाव उमटले, तर कळ एडिटरपर्यंत आली. भांडण एडिटरच्या आत आहे. उमटले नाही, तर ती वरच अडली. मग डेस्कटॉपच्या सेटिंगमधली कळफलकाची यादी उघडायची आणि तिथे तीच कळजोडी शोधायची. तिथेही नसेल तर भाषाबदलाची आज्ञावली बंद करून पुन्हा दाबून पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथेही तोच. लॅपटॉपच्या एफ-५ साठी वेगळा कळफलक जोडून पाहिला की पुरते. ईमॅक्स असेल तर कंट्रोल + एच आणि मग के दाबून हवी ती कळ दाबायची. तिचे काम तो वाक्यात सांगतो. काहीच बोलला नाही, तर कळ त्याच्यापर्यंत आली नाही.

डेस्कटॉपने स्वतःहून ‘ही कळ मी घेतली’ असे का सांगू नये, असा प्रश्न मुले विचारतील. त्याला एक गंभीर उत्तर आहे. जुन्या एक्स व्यवस्थेत कोणतीही खिडकी दुसऱ्या खिडकीतल्या कळा ऐकू शकत असे, पासवर्डसुद्धा. नव्या वेलँड व्यवस्थेने ही वाट बंद केली, ते योग्यच झाले. पण कोणत्या कळा दाबल्या हे सांगणे वेगळे आणि कोणत्या कळजोड्या राखीव आहेत याची यादी देणे वेगळे. यादीत गुप्त काही नाही. ती मिळाली तर एडिटर आपल्या मेनूत त्या कळेसमोर ‘इथे चालणार नाही’ असे लिहू शकेल.

भाषाबदलाच्या कळेपुरते बोलायचे तर पुण्याच्या सी-डॅकने एक बरा मार्ग फार पूर्वी दाखवला होता. त्यांच्या आयएसएम या आज्ञावलीत भाषा बदलायला लॉक कळांपैकी एक वापरत. त्यात स्क्रोल लॉक ही जवळजवळ कोणाच्याच कामाची नसलेली कळ होती. दोन कळा एकदम धरायच्या नाहीत, कोणाशी भांडण नाही, आणि मुख्य म्हणजे कळफलकावरचा दिवा लागे. आपण कोणत्या भाषेत आहोत हे पडद्याच्या कोपऱ्यात न शोधता दिसे. त्या काळच्या फॉन्टांच्या गोंधळावर कितीही टीका करता येईल, पण हा निर्णय आजच्यापेक्षा सरस होता. लिनक्सच्या मांडणी-पर्यायांत स्क्रोल लॉकने मांडणी बदलण्याची आणि त्याचा दिवा लावण्याची सोय आजही आहे, पण मुख्य सेटिंगच्या पानावर ती दिसत नाही. लॅपटॉपांवर तर स्क्रोल लॉक कळच बहुधा राहिलेली नाही.

कॅप्स लॉक मात्र बहुतेक कळफलकांवर आहे. देवनागरीला मोठी आणि छोटी अशी दोन रूपे नाहीत, तेव्हा मराठीत तिचा उपयोग शून्य. प्रोग्रॅममध्येही मोठ्या लिपीतल्या सलग ओळी क्वचितच लिहितात. मॅकवर ती भाषाबदलाला देता येते, लिनक्सवरही देता येते. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषाबदलासाठी डावे ऑल्ट + शिफ्ट, कंट्रोल + शिफ्ट, किंवा आकड्यांच्या ओळीतली पहिली कळ एवढेच पर्याय मिळतात. कॅप्स लॉक त्यांत नाही.